गुंजभर पिंपळी

मित्रांनो, आधी नाकं पुसून घ्या. ज्यांना शिंका येताहेत त्यांनी जरा लांब बसा. मला सर्दी होत नाही, मी बिडाचा आहे. पण सत्तेचाळीस वर्षं मी सर्दी झालेल्या माणसांतच काढली आणि आता मला त्यांचा अगदी वीट आला आहे. प्रत्येकाला वाटतं, आपल्यासारखी सर्दी जगात कुणाला झालीच नाही. आणि प्रत्येकाकडे एक औषध असतं, ते त्यानं स्वतः कधी घेतलेलं नसतं.

मी दानम्माचा खलबत्ता. माझा एका बाजूचा काठ तुटलेला आहे, त्यामुळे माझा आवाज फुटका निघतो. लातुरात आमच्या घरातल्या सगळ्यांनी त्या आवाजापायी मला बोल लावले. पण एका सकाळी सिंधु नावाच्या पोरीचा जीव त्याच आवाजावर टांगलेला होता. माझ्याच पोटात तिच्यासाठी विष कुटलं जात होतं. ते कसं झालं ते सांगतो. मधे कुणी खोकू नका.

माझा जन्म भट्टीतला. वाळूच्या साच्यात तापलेलं बीड ओतलं आणि मी झालो. पुढे कुणीतरी मला लातुरातल्या सिद्धेश्वराच्या जत्रेत तवे, विळ्या, पावश्यांच्या ढिगात मांडून ठेवलं. तीन दिवस धूळ खाल्ली. चौथ्या दिवशी शंकरप्पा आले. औसा तालुक्यात तेरणेच्या काठी त्यांचं किराणा मालाचं दुकान होतं, आणि गावाला सर्दी-पडशाचं औषधही तेच द्यायचे. त्यांनी मला उचललं, पालथं केलं, आणि बोटाच्या पेरानं काठावर एक टिचकी मारली. मग कान लावून ऐकलं.

"अप्पा, कुटायला घेऊन राहिलाव का वाजवायला?" दुकानदार हसला.

"आवाज चांगला हाय," शंकरप्पा म्हणाले. "मुका न्हाई. मुकं भांडं औषधाला घेऊ नये."

तेव्हा मला वाटलं, म्हातारा चक्रम दिसतो. मी काय टाळ आहे का? पण घरी गेल्यावर कळलं. शंकरप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. काय कुटलं जातंय ते त्यांना दिसायचं नाही, ते ऐकायचे. त्याच वर्षी दानम्मा सून म्हणून आली होती, अठरा वर्षांची. तिला त्यांनी माझ्यासमोर बसवलं आणि म्हणाले, "डोळे मीट आन् कूट."

बिचारीनं स्वतःची बोटं किती वेळा ठेचली याची गणती नाही. पण सहा महिन्यांत शिकली. सुंठ आधी खट् म्हणते आणि फुटली की धप् म्हणते. मिरे भिंतीवरून पळतात, त्यांचा सरसर आवाज. ओवा चर्र बोलतो. पिंपळी मऊ, ती नुसती कुचकुचते. ज्येष्ठमध तर बोलतच नाही, धागे धागे करून बसतं. अप्पा कुटत असले की दुसऱ्या खोलीत भाकरी थापता थापता दानम्मा सांगायची, "अप्पा, सुंठ अजून जाडी हाय." आणि ती जाडीच असायची.

आता गुंजेची गोष्ट नीट ऐका, कारण सगळी भानगड तिच्यात आहे. गुंज म्हणजे ते लाल बी, टोकाला काळा डोळा असलेलं. दिसायला इतकं देखणं की पोरं हटकून उचलतात. पूर्वी सोनार त्यावर सोनं तोलायचे. शंकरप्पा त्यावर पिंपळी तोलायचे. त्यांच्याकडे बोटभर पितळी ताजवा होता. एका पारड्यात एक गुंज, दुसऱ्या पारड्यात पिंपळीची पूड. पारडी समान झाली की ती झाली गुंजभर पिंपळी, एका माणसाच्या काढ्यापुरती. पिंपळी त्याहून जास्त झाली की घशाची आग होते. तोलून झालं की गुंज परत डबीत. घरात माणसं नऊ, म्हणून डबीत गुंजा नऊ. त्या काढ्यात कधीच जायच्या नाहीत. "हिचं कवच लई टणक," शंकरप्पा सुनेला सांगायचे. "पण फोडलं की आत विष हाय. माणूस राहत न्हाई."

दानम्मानं ते मनात पक्कं धरलं. मनातच धरलं, कागदावर नाही. पुढे काय होणार ते माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

वीस-बावीस वर्षं बरी गेली. मग त्र्याण्णव साल उजाडलं. गणपती बोळवून गाव झोपलं होतं आणि पहाटे जमीन हलली. आमच्याकडची घरं दगडमातीची, वर मातीचं जाड माळवद. ती घरं माणसांवरच बसली. शंकरप्पा गेले. दानम्मा चुलीच्या कोपऱ्यात अडकली, छातीपर्यंत मातीत. ओरडायला तोंड उघडलं की तोंडात माती. तिच्या एका हाताला बत्ता लागला, आणि मी तिच्या शेजारीच आडवा पडलो होतो. ती माझ्या काठावर मारत राहिली. उजाडलं तरी मारत होती. ऊन वर आलं तरी मारत होती. एकाच जागी मारून मारून माझा काठ तुटला आणि तुकडा मातीत पडला.

तिचा नवरा अमृतराव त्या रात्री शेतात जागलीला होता, म्हणून वाचला. त्यानं ढिगाऱ्यावर कान ठेवला आणि सगळ्यांना गप केलं. "ऐका, खलबत्ता वाजून राहिला. ती जिती हाय!" दुपारी त्यानं तिला बाहेर काढलं. तिनं मला सोडलं नाही, पदरात धरूनच बाहेर आली.

ताजवा आणि गुंजांची डबीही मागाहून ढिगाऱ्यात सापडली. पुढचे महिने पत्र्याच्या शेडमध्ये. वरून पाऊस, खालून ओल, आणि सगळं गाव खोकत होतं. डॉक्टरांच्या गाड्या यायच्या, गोळ्या मिळायच्या. तरी संध्याकाळी दानम्माच्या शेडपुढे माणसं पेले घेऊन उभी राहायची. सुंठ, तुळस, गवती चहा, मिरे, गूळ आणि तोलून गुंजभर पिंपळी. लहान लेकरांना ती काढा द्यायची नाही, त्यांना ओव्याची पुरचुंडी गरम करून छाती शेकायला द्यायची. मोठ्यांना मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगायची. आणि ताप तीन दिवस उतरला नाही की ती काढा द्यायचं बंद करायची आणि माणसाला हाताला धरून डॉक्टरांच्या गाडीकडे न्यायची. "माझा काढा पडशापुरता हाय," असं ती सांगायची.

लोकांनी माझं फार कौतुक केलं. दानम्माच्या खलबत्त्याला हात लागला की सर्दी पळते म्हणे! अरे, सर्दी आठवड्यात आपली आपण जाते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण घर गेलेल्या माणसाच्या हातात कुणी गरम पेला दिला की त्याला बरं वाटतं, हेही मला ठाऊक होतं. म्हणून मी गप्प राहून कुटून घेतलं. मार खाण्याचे माझे चांगले दिवस तेच.

त्यानंतर आम्ही लातूरला आलो. अमृतराव काही वर्षांनी वारले. मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, सुकन्या सून म्हणून आली. आणि लातुरात काय झालं ते तुम्ही तरी मला सांगा! जिकडं बघावं तिकडं क्लास. चाकूर, किनवट, कंधार, कुठून कुठून पोरं-पोरी डॉक्टर व्हायला येऊ लागल्या. आमच्या मुलानं वरचा मजला बांधला, सहा खोल्या केल्या आणि पोरी ठेवल्या. जिन्याच्या तोंडाशी पाटी लागली: 'अभ्यास चालू आहे. शांतता राखा.'

शांतता म्हणजे कुणाची, हे मला लवकरच कळलं.

दानम्मा रोज सकाळी दहाला मला घेऊन ओट्यावर बसायची. वरच्या एका पोरीच्या वडिलांचा फोन आला. मग दुसरीच्या आईचा. सुकन्या वाईट बाई नाही, पण फोन आला की तिचा धीर सुटतो.

"अव्वा, आता हे खलबत्ता बास करा. पोरीचे आई-वडील फोन करून राहिले. मिक्सर हाय, तयार पूड मिळती."

"मिक्सरला कान हायेत का?" दानम्मा म्हणाली.

"कान कशाला पाहिजेत?"

"तुला न्हाई कळायचं."

"कळायचं राहू द्या. पण कुटू नका."

दानम्मा उठली, मला उचललं आणि सुकन्येच्या पुढ्यात आदळलं. "घे. आजपासून मी कुटणार न्हाई आन् कुणाला काढा देणार न्हाई. मागायला कुणी येऊ नका."

आणि खरंच तिनं शब्द पाळला. सहा महिने! रागावलेला माणूस शब्द किती नेमानं पाळतो, बघा. सुकन्येनं मला वरच्या मजल्यावर नेलं. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून सिंधुच्या खोलीच्या दाराला मला टेकवून ठेवलं. माझ्या पोटात पोरींनी पेन ठेवले. बत्ता नोट्सवर वजन म्हणून गेला. शंकरप्पांनी ऐकून घेतलेला खलबत्ता, भूकंपातून बाहेर आलेला खलबत्ता, दाराला टेकू म्हणून!

आणि वरून काय ऐकायला मिळायचं? हिवाळा लागला, पोरी शिंकायला लागल्या, आणि मोबाईलवर औषधांचा पूर आला. एकीनं झोपताना पायमोज्यात कांदा घातला. सकाळी सर्दी तशीच, मोजा मात्र टाकून द्यावा लागला. दुसरीनं कानात लसणाची पाकळी घातली आणि ती काढायला तिला डॉक्टरकडे न्यावं लागलं. तिसरी बादलीभर उकळतं पाणी घेऊन पांघरुणात शिरली आणि पाय पोळून बाहेर आली. अरे, वाफ घ्यायची तर पातेलं टेबलावर ठेवा, मोठं माणूस जवळ असू द्या! किती सांगणार? आणि सांगणार तरी कसं? माझ्या तोंडात पेन.

सिंधु त्या सगळ्यांत शहाणी होती. किनवट तालुक्यात सहस्रकुंडाजवळ इस्लापूर आहे, तिथली. पहाटे उठून अभ्यास करायची, भिंतीला बेडकाच्या पोटाची चित्रं लावलेली. जानेवारीत रविवारी तिची मोठी टेस्ट होती. क्लासमध्ये शेवटचे तीन महिने पहिल्या बॅचमध्ये कोण बसणार ते त्या टेस्टवर ठरणार होतं. बुधवारी तिला ताप भरला. गुरुवारी वर्गात इतकी खोकली की सरांनी तिला बाहेर बसवलं.

"डॉक्टरकडं चल," सुकन्या म्हणाली.

"टेस्ट झाल्यावर, काकू. डॉक्टर झोपून राहा म्हणतील."

शुक्रवारी सुकन्या नवऱ्याबरोबर चाकूरला लग्नाला गेली. बाकीच्या पोरी क्लासला. घरात वर सिंधु आणि खाली दानम्मा, दोघीच. सिंधु जिना उतरून खाली गेली. माझ्या दारातून जिना सरळ खाली उतरतो, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"आज्जी, काढा करून द्या ना."

"या घरात कुटायला बंदी हाय."

"आज्जी, परवा टेस्ट हाय. खोकला आला की मला बाहेर काढतेत."

"तुमच्या टेस्टापायीच बंदी हाय," दानम्मा म्हणाली. "फळीवर माझा डबा हाय. झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवलेली हाय. वाच आन् कर. एवढी बुकं वाचतीस, एक चिठ्ठी वाचायला काय झालं?"

अगं बाई, ऊठ की! असं मी वर बसून ओरडलो असतो. ज्या बाईनं शेडमध्ये अख्ख्या गावाला हाताला धरून नेलं, तीच बाई तापलेल्या पोरीला चिठ्ठी दाखवते! राग हा असा असतो, मित्रांनो. माणूस जिच्यावर रागावलेला असतो ती लग्नाला जाते आणि राग निघतो तिसऱ्यावरच.

सिंधु डबा घेऊन वर आली. माझ्या पोटातले पेन पलंगावर ओतले, मला फडक्यानं पुसलं. सहा महिन्यांनी कुणी पुसलं, मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. तिनं झाकण उलटं केलं. झाकण वाटीएवढं, त्यामुळे दानम्माच्या अक्षरातल्या ओळी दाटीवाटीनं मोडलेल्या होत्या. सिंधुनं मोठ्यानं वाचलं.

"सुंठ एक पेर. तुळस अकरा पानं. गवती चहा, गूळ. मिरे सात, गुंज." मग खालची ओळ. "भर पिंपळी."

थांबली. परत वाचलं. "मिरे सात, गुंज. भर पिंपळी."

माझ्या अंगावर काटा येत नाही, पण त्या दिवशी यायचाच राहिला. गुंजभर हा एक शब्द. ओळ संपली म्हणून 'गुंज' वर राहिली आणि 'भर' खाली गेला. वाचणाऱ्याला वाटावं, गुंज कुटायची आणि पिंपळी वरून भरायची. डब्यात शोधलं तर छोटी डबी निघालीच, आत नऊ लाल गुंजा. ताजवा तर कधीच हरवला होता. तोलायचं काही आहे हे तिला कळणार कुठून?

तरी पोरगी शहाणी. तिनं आईला फोन लावला. तिची आई चांगुणा, इस्लापुरात. सर्दीनं सिंधुचे कान बसलेले, म्हणून तिनं फोनचा आवाज मोठा ठेवला होता.

"माय, काढ्यात गुंज घालतेत का?"

"हाव, घाल की. गुंज घशाला लई चांगली. तू लहान होतीस तवा खोकला आला की मी तुला चघळायला द्यायचे, गोड राहती. ईसरलीस का?"

चांगुणा बोलत होती पाल्याबद्दल. गुंजेचा पाला खरंच गोड असतो, तिकडे रानात पोरं चघळतात. सिंधु विचारत होती बियांबद्दल. दोघी एकच शब्द बोलत होत्या आणि दोघी खरं बोलत होत्या. आता सांगा, मी कुणावर चिडू?

तिनं केटलीत तुळस, गवती चहा आणि गूळ उकळत ठेवला. माझ्यात आधी सुंठ टाकली. खट्, खट्, धप्. मिरे टाकले. सरसर. खाली दानम्मा ऐकत होती, हे तिनं मला नंतर सांगितलं. रागात होती तरी कान इकडेच. 'सुंठ जाडी ठेवली भवानीनं,' असं मनात म्हणत होती.

मग सिंधुनं डबी माझ्यात ओतली. नऊच्या नऊ.

पहिला घाव बसला. टण्! गुंज फुटली नाही, सटकली. माझ्या तुटक्या काठावरून उडून पलंगाखाली गेली. दुसरा घाव. टण्! आणखी एक गेली. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या फुटक्या काठाचे आभार मानले. उडा गं, सगळ्या उडा! पण सिंधुनं तुटक्या जागेवर तळहात धरला आणि नेट लावून मारलं. टण्. टण्. टण्. मी वाजेन तेवढा वाजलो, मित्रांनो. ढिगाऱ्याखाली वाजलो होतो तसा.

खालून हाक आली. "सिंधु! काय कुटून राहिलीस?"

सिंधुला ऐकू गेलं नाही. कान बसलेले.

"अगं ए सिंधु! ते पिंपळी न्हाई! थांब!"

टण्. टण्. आणि मग एक बारीक कुट् असा आवाज. एक गुंज फुटली. माझ्या तळाशी पांढरट गर पसरला, सुंठीच्या पुडीत मिसळला. सत्तेचाळीस वर्षं मी बरं करण्यासाठी कुटलं. त्या क्षणी मी मारणारं भांडं झालो होतो आणि मला काहीएक करता येत नव्हतं.

दानम्माचे गुडघे गेलेले. दोन वर्षं तिनं जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं नव्हतं. अठरा पायऱ्या. मला तिचे हात कठड्यावर आपटलेले ऐकू आले, आणि तिचा श्वास. "शिवा, शिवा," करत ती येत होती. इकडे बाकीच्या गुंजा फुटेनात म्हणून सिंधुनं त्या बाजूला सारल्या, चमच्यानं पूड खरवडली, पेल्यात टाकली, वर पिंपळी भरली, केटली उचलली. पेला भरला. फुंकर मारली. बोटाला थोडी पूड लागली होती, ते बोट तिनं तोंडाकडे नेलं.

दानम्मा दारात आली. तिच्याकडे बोलायला श्वास नव्हता. तिनं हात लांब करून सिंधुच्या मनगटावर असा फटका मारला की पेला भिंतीवर जाऊन फुटला.

"आज्जी!"

"पिलीस का?"

"न्हाई."

"बोट चाटलंस का? खरं सांग, माझ्या गळ्याची आण हाय तुला!"

"न्हाई आज्जी, चाटणार होते. काय झालं?"

दानम्मा खाली फरशीवरच बसली. "गुंज कुटायची नसती माय, तोलायची असती. तिच्या आत मरण हाय."

सिंधुचा चेहरा पांढरा पडला. तिनं झाकण दानम्मापुढे धरलं. दानम्मानं चष्मा लावला. चिठ्ठी वाचली. मग बोटानं वाचली, एकेक अक्षर. 'गुंज' वर, 'भर' खाली.

"आज्जी, तुमच्या डब्याचीच चिठ्ठी हाय ना?"

"हाव. अक्षर माझंच हाय." दानम्माला रडू फुटलं. भूकंपात सासरा गेला तेव्हाही ती माझ्यासमोर इतकी रडली नव्हती. "पर अक्षराचं काय न्हाई गं. तू काढा मागायला आलीस आन् मी उठले न्हाई. मी उठले असते तर चिठ्ठी लागलीच नसती."

मग मात्र ती उठली. सिंधुचे हात साबणानं तीनदा धुतले, फरशी पुसली, पलंगाखाली वाकून दोन्ही गुंजा हुडकल्या, सगळ्या मोजल्या. आठ अख्ख्या, एक फुटलेली. नऊ. रिक्षा बोलावली आणि पोरीला हाताला धरून स्वतः दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांना सगळं सांगितलं, गुंजेचंसुद्धा, एक अक्षर लपवलं नाही. त्यांनी दोघींनाही खरमरीत बोल लावले, सिंधुला संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवलं, फ्लू आहे म्हणाले, गोळ्या दिल्या आणि पाच दिवस झोपून राहायला सांगितलं.

टेस्ट हुकली. सिंधुला दुसरी बॅच मिळाली. दोन दिवस ती भिंतीकडे तोंड करून रडली आणि तिसऱ्या दिवशी पुस्तक उघडलं. जीव शाबूत असला की पुस्तक उघडता येतं. तिची आई चांगुणा इस्लापुराहून पहिल्या एसटीनं आली आणि आल्या आल्या म्हणाली, "मी पाल्याचं बोलले होते वं!" आणि दानम्माच्या गळ्यात पडली.

सुकन्या लग्नाहून परतली तर दानम्मा वरच्या खोलीत. "अव्वा, तुमी जिना चढलाव?"

"चढले. पुन्हा चढीन. ती पाटी काढ आधी."

पाटी निघाली. गुंजा दानम्मानं चुलीत जाळल्या. चिठ्ठीही जाळली. आणि मला! मला तिनं राखेनं घासलं, उकळत्या पाण्यानं धुतलं, परत घासलं, आठ दिवस उन्हात पालथं ठेवलं, परत धुतलं. शेवटी माझी सालं निघतील असं वाटायला लागलं. नवव्या दिवशी तिनं मला उचललं, बोटाच्या पेरानं तुटक्या काठावर टिचकी मारली आणि कान लावला.

"आवाज हाय अजून," ती म्हणाली.

आता रोज सकाळी दहाला मी वाजतो. काठ फुटका, आवाज फुटका, वरच्या पोरी कपाळाला हात लावतात, पण फोन कुणी करत नाही. वरून कुणी विचारतं, "आज्जी, आज काय?" आणि खालून उत्तर जातं, "सुंठ." पिंपळी आता चिमटीत घेतली जाते, आणि चिमूट फक्त दानम्माची.

मित्रांनो, मी काही फार मागत नाही. मला मिक्सरसारखं कपाटात ठेवू नका, दाराला टेकवू नका, माझ्या पोटात पेन ठेवू नका. रानातलं, डब्यातलं, मोबाईलमधलं काही पोटात घालायच्या आधी ज्याला कळतं त्याला समोर बसवून विचारा. ताप तीन दिवस राहिला तर माझ्याकडे येऊ नका, डॉक्टरकडे जा. आणि एक सांगतो, त्यासाठीच एवढा वेळ घसा फोडला. तुमच्या दारात कुणी कण्हत येऊन म्हणालं, 'जरा काढा करून देता का,' तर त्याला चिठ्ठी दाखवू नका. कितीही रुसलेले असा, गुडघे कितीही दुखू द्या. उठा.